घाटमाथ्यावर उभे राहून सह्याद्रीची घडण कशी वाचावी

सह्याद्रीला आपण पर्वत म्हणतो, परंतु साताऱ्याहून किंवा पुण्याहून पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला मोठा पर्वत चढल्यासारखे फारसे वाटत नाही, आणि घाटमाथ्याच्या टोकाशी पोहोचल्यावर मात्र पायाखालची जमीन एकाएकी हजार मीटर खाली कोकणात गेलेली दिसते. ही एकतर्फी उंचीच सह्याद्रीचे कोडे उलगडण्याची पहिली किल्ली आहे. सह्याद्री म्हणजे तुटलेल्या खंडाची उचललेली कड आहे. त्याला पायऱ्या लाव्हाने दिल्या, पण भिंत दिली ती भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, फुटीने. हे विधान पुस्तकावर विसंबून न मानता प्रत्यक्ष जागेवर कसे पडताळून पाहावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट आणि पोलादपूर हा मार्ग निवडला आहे, कारण दोन दिवसांत, साध्या गाडीने आणि थोड्या पायपिटीने इतके पुरावे एका ओळीत दाखवणारी दुसरी वाट निदान मला तरी ठाऊक नाही.

निघण्यापूर्वी: एक छेद काढावा

प्रवासाची सुरुवात घरीच, आलेख कागदावर छेद, म्हणजे एका रेषेवर जमीन उभी कापली तर दिसेल अशी आकृती, काढून करावी. हरिहरेश्वरपासून फलटणपर्यंत पूर्व-पश्चिम सरळ रेषा आखली, तर ती पोलादपूर, महाबळेश्वर आणि वाई यांच्या अगदी जवळून जाते, आणि तिची लांबी सुमारे १५० किलोमीटर भरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळाले तर उत्तम. नाही तर इस्रोचे भुवन किंवा गूगल अर्थ यांवरून या रेषेवरच्या उंची टिपता येतात. आडवे प्रमाण १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर आणि उभे प्रमाण १ सेंटिमीटरला २०० मीटर ठेवले, तर सगळा छेद एका लांबट कागदावर मावतो. यात उंची प्रत्यक्षापेक्षा २५ पट ताणली जाते, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे, नाही तर पुढे उतारांविषयी चुकीचे निष्कर्ष निघतात. आणखी एक गोष्ट आत्ताच करावी: कागदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे, वीतभर जागा कोरी सोडावी. तिचे काम शेवटी पडेल.

छेद पूर्ण झाला की त्याचा आकार नीट पाहावा. किनाऱ्यापासून पोलादपूरपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर बुटक्या टेकड्यांचे असतात. त्यानंतर अवघ्या पंधरा-वीस किलोमीटरांत रेषा महाबळेश्वरपर्यंत चढते, जिथली सर्वांत उंच जागा १,४३८ मीटरवर आहे. तिथून पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात वाई सुमारे ७०० मीटरवर येते आणि फलटण ६०० मीटरच्याही थोडे खाली. म्हणजे पश्चिमेकडून आलेला माणूस समुद्रसपाटीवरून वर येतो, पण पूर्वेकडे उतरणारा समुद्रसपाटीपर्यंत उतरतच नाही. तो पठारावरच राहतो. दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा पर्वत आणि एका बाजूने तुटलेले पठार यांतला हा फरक कागदावरच स्पष्ट होतो.

छेदाच्या खाली काळाची एक पट्टीही काढावी, आणि तिच्यावर चार खुणा कराव्यात. गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटलेल्या आपल्या भूखंडापासून मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून, म्हणजे खोलातून तप्त रस वर येणाऱ्या जागेवरून, हा भूखंड सरकत असताना दख्खनचे लाव्हा वाहिले. त्यानंतर थोड्याच काळाने, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा पश्चिम किनाऱ्यापासून फुटून निघाला. आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडची धडक सुरू झाली, जिच्यातून हिमालय उभा राहिला. सह्याद्रीच्या गोष्टीत धडकेपेक्षा फूट महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते, कारण भूपट्ट म्हटले की आपल्याला हिमालयच आठवतो.

पहिली कसोटी: थर आडवे आहेत की मुडपलेले

दोन भूपट्ट एकमेकांवर आदळले की खडकांचे थर दाबले जातात, वाकतात, एकमेकांवर चढतात. वली पर्वताची ओळख तीच. म्हणून वाईहून पसरणीचा घाट चढताना पहिल्याच मोकळ्या वळणावर गाडी बाजूला घ्यावी आणि कृष्णेच्या खोऱ्यापलीकडच्या डोंगररांगेकडे पाहावे. एकावर एक ठेवलेल्या पाटांसारखे आडवे पट्टे मैलोन् मैल समपातळीत जाताना दिसतात. हातात होकायंत्राबरोबर उतारमापक असेल तर तो या पट्ट्यांना समांतर धरून पाहावा. कल जवळजवळ शून्यच येतो. आडव्या दाबाने चुरगळलेल्या प्रदेशात असे चित्र दिसणे शक्य नाही. या एका नजरेत सह्याद्री वली पर्वत नाही हे ठरते, आणि पुढचा प्रश्न उभा राहतो: मुडपल्यावाचून ही उंची आली कोठून?

त्याआधी पट्ट्यांची रचना समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक पट्टा म्हणजे साधारणतः लाव्हाचा एक प्रवाह किंवा प्रवाहांचा एक जुडगा. प्रवाहाचा मधला भाग सावकाश निवल्यामुळे घट्ट आणि टणक होतो, आणि झिजताना त्याचा उभा कातळकडा बनतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र असतो. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, गारगोटी यांसारखी पांढरी खनिजे भरतात. हा भाग लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे झाडीने झाकलेला सौम्य उतार तयार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार या क्रमामुळेच या खडकांना ट्रॅप हे नाव पडले. स्वीडिश भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी जिना हा अर्थ आहे. किल्ल्यांच्या माच्या बहुधा अशाच एखाद्या पायरीवर वसलेल्या असतात आणि बालेकिल्ला तिच्या वरच्या पायरीवर. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी लाल मातीचा थर दिसतो. त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे, कारण एक लाव्हा वाहून निवल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये काही काळ गेला, त्या काळात राख साचली किंवा पृष्ठभाग कुजला, याची ती नोंद असते. उन्हाळ्यातही जिवंत राहणारे झरे पुष्कळदा याच सांध्यावर सापडतात.

थर मोजण्याचा मोह होतो, आणि तो आवरू नये, पण एक धोका लक्षात ठेवावा. पहिल्या खेपेस मी पसरणी घाटात रस्त्याकडेचे कातळ मोजत गेलो आणि अभिमानाने मोठा आकडा वहीत लिहिला. उतरताना ध्यानात आले की नागमोडी वळणांमुळे एकच प्रवाह मी तीनदा मोजला होता. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे मोबाइलवरील किंवा उंचीमापकावरील उंची लिहावी, आणि समान उंचीवरच्या नोंदी एकाच थराच्या मानाव्यात. दरड कोसळून खाली आलेला प्रचंड खडकही मूळ जागेचा कातळ वाटतो. त्याच्या भेगा शेजारच्या कड्यातील भेगांशी जुळतात का हे पाहिले की फसगत टळते.

माथ्यावरचा जांभा

पाचगणीच्या टेबललँडवर पोहोचले की खडक बदलतो. काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे निवलेल्या लाव्हाच्या खडकाच्या, जागी लालसर, भोकाभोकांचा जांभा दिसतो, जो कोकणात घरांच्या चिऱ्यांसाठी काढतात. पावसाळा आणि कोरडा काळ आलटून पालटून येणाऱ्या उष्ण हवामानात, बऱ्यापैकी सपाट जमिनीवर, फार दीर्घ काळ खडक कुजत राहिला की त्यातील विरघळणारी द्रव्ये निघून जातात आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहून जांभा बनतो. तीव्र उताराच्या डोंगरावर तो तयार होऊ शकत नाही, कारण कुजलेला भाग लगेच वाहून जातो. म्हणून पाचगणी आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर त्याचे जाड टोपण सापडणे म्हणजे हा माथा एके काळी विस्तीर्ण सपाट प्रदेशाचा भाग होता आणि मधल्या दऱ्या नंतर कोरल्या गेल्या, याचा पुरावा होय. टेबललँडच्या कडेवर उभे राहून समोरच्या रांगांचे माथे पाहावेत. कित्येक माथे जवळपास एकाच पातळीत असल्याचे दिसते, आणि मनातल्या मनात ते एका रेषेने जोडले की नाहीसे झालेले पठार पुन्हा उभे करता येते. त्या पठाराला उंची नेमकी केव्हा आणि किती टप्प्यांत आली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु फूट पडलेल्या खंडाची कड खालच्या उष्णतेने आणि पुढे झिजेमुळे भार हलका होऊन उचलली जाते, हे तत्त्व बहुतेकांना मान्य आहे.

आर्थर सीटवरून: नद्यांची साक्ष

या मार्गावर सर्वाधिक वेळ द्यावा अशी जागा म्हणजे जुन्या महाबळेश्वरच्या पुढचे आर्थर सीटचे टोक. एका अंगाला सावित्रीची दरी एकदम खोल कोसळते. दुसऱ्या अंगाला कृष्णेचे जोर खोरे तुलनेने उथळ आणि झाडीने भरलेले दिसते. मधली सोंड इतकी अरुंद आहे की दोन्ही दऱ्या एकाच जागेवरून पाहता येतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना या पूर्वेच्या, सावित्री मात्र पश्चिमेची. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ ते ७० किलोमीटरांवर असताना कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वळसा घेऊन बंगालच्या उपसागराला मिळते. नदी जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राकडे जाते याचा अर्थ एकच: संपूर्ण जमीन पूर्वेकडे कललेली आहे, आणि उंच कड पश्चिमेला, अगदी तुटलेल्या काठाशी आहे. भीमा आणि गोदावरी यांच्या उगमांनाही हाच हिशेब लावून पाहावा.

सावित्रीला मात्र थोडक्या अंतरात समुद्रसपाटी गाठायची असते. तिचा उतार तीव्र, आणि त्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला काही किलोमीटरांवरच्या वाईत त्याचा लहानसा अंश. परिणामी पश्चिमवाहिनी नद्या मागे मागे कोरत कडा पूर्वेकडे सरकवत आल्या आहेत. फूट पडली ती आजच्या घाटमाथ्यावर नव्हे, तर किनाऱ्याच्या आसपास किंवा त्याच्याही पलीकडे, आणि तिथून कडा झिजत झिजत आत आला. मधली पन्नासेक किलोमीटरची पट्टी म्हणजे कोकण. कडा अशा रीतीने सरकताना पूर्वेकडच्या ओढ्यांची डोकी कापली जातात. नदीचौर्याची ही खूण ओळखण्यासाठी घाटमाथ्यावर रुंद, उथळ अशी दरी शोधावी, जी वरच्या अंगाला हळूहळू अरुंद होण्याऐवजी एकाएकी कड्यावर उघडी पडते. इतक्या रुंद दरीला शोभेल एवढे पाणी तिच्यात आज नसते, कारण ते आणणारा प्रदेशच कोकणात कोसळून गेलेला असतो.

कोयनेचा मार्गही नकाशावर बोट फिरवून पाहण्यासारखा आहे. ती महाबळेश्वरहून दक्षिणेकडे, कड्याला समांतर, बरीच सरळ वाहत जाते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. पाणी इतके सरळ आणि मग इतके काटकोनात आपखुशीने वळत नाही. खडकातील भेगांच्या दिशा त्याला वाट दाखवतात, आणि या भागातील दक्षिणोत्तर भेगांचा कल पश्चिम किनाऱ्याच्या दिशेशी जुळतो.

आंबेनळी घाटाने खाली

प्रतापगडाच्या बाजूने पोलादपूरकडे उतरणारा रस्ता हा लाव्हाच्या थरांमधून खाली नेणारा जिनाच आहे. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या थरांचे जे गट पाडले आहेत त्यांना या परिसरातील गावांचीच नावे दिली आहेत: वर महाबळेश्वर, त्याखाली आंबेनळी, त्याखाली पोलादपूर, आणि हे सर्व वाई उपगटातले. उत्तरेकडे गेल्यास याहून जुने खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी आणि जव्हार हे गट लागतात. जुने थर उत्तरेला आणि नवे दक्षिणेला, या मांडणीचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे आहे की भूखंड तप्तस्थळावरून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे उद्रेकाचे केंद्र त्याच्या पाठीवर दक्षिणेकडे सरकत गेले. हे गट मुख्यतः रासायनिक पृथक्करणाने ठरवलेले आहेत, त्यामुळे डोळ्यांनी त्यांच्या सीमा ओळखण्याचा अट्टहास धरू नये. या वाटेवर आपण करण्यासारखे काम म्हणजे उंचीनुसार कडे, उतार आणि लाल थर यांची नोंद करीत खाली येणे आणि ती नोंद छेदावर चढवणे. पोलादपूरला पोहोचेपर्यंत हजार मीटरहून अधिक जाडीचे थर आपण ओलांडलेले असतात.

कोकणात: फुटीच्या खुणा

उतरल्यानंतर बहुतेक जण समुद्राकडे धावतात, पण फुटीचा थेट पुरावा इथूनच सुरू होतो. पहिली खूण डाइकची, म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतीची. जमीन ताणली गेली की उभ्या भेगा पडतात आणि खालचा तप्त रस त्यांत घुसतो. प्रवाहातील खडक निवताना त्याचे खांब उभे बनतात, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात तसे. डाइकमध्ये मात्र थंडी दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून येत असल्याने खांब आडवे बनतात आणि रचून ठेवलेल्या सरपणाच्या ढिगासारखे दिसतात. ही खूण एकदा पटली की रस्त्याच्या कापात डाइक चुकत नाही. अलिबाग ते मुरूड किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी असे डाइक चांगले दिसतात. प्रत्येकाची दिशा होकायंत्राने घ्यावी. बऱ्याच नोंदी किनाऱ्याला समांतर, म्हणजे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण निघाल्या, तर ताण पूर्व-पश्चिम होता असे म्हणता येते.

दुसरी खूण उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचे सव, उन्हवरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूर ही ठिकाणे नकाशावर टिंबांनी दाखवली की किनारा आणि सह्याद्री यांच्यामध्ये एक उत्तर-दक्षिण माळ तयार होते. खाली जागृत ज्वालामुखी असल्याची समजूत खरी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. झरे ओळीत आहेत, कारण भेगा ओळीत आहेत.

तिसरी खूण पाहण्यासाठी मात्र वेगळा दिवस काढून पनवेलकडे जावे लागते. माथेरानच्या कड्यांत थर आडवे आहेत. पनवेलच्या पश्चिमेला, मुंबईच्या बाजूला, तेच थर समुद्राकडे कललेले आढळतात, काही ठिकाणी १० ते १५ अंशांपर्यंत. या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. खंड फुटताना त्याची कड समुद्राकडे खचली आणि लवली, याची ही खूण असून मुंबईजवळच्या समुद्रात गाळाच्या खालीही बेसाल्ट मिळतो.

उलटतपासणी: लाव्हा नसेल तिथे काय दिसते

आतापर्यंतचे सगळे पाहून कोणी म्हणेल की कडा लाव्हाच्या जाडीमुळेच तयार झाला असेल. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दक्षिणेला मिळते. सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात शिरले की दख्खनचा लाव्हा संपतो आणि त्याच्याहून कितीतरी पट जुने, अब्जावधी वर्षांपूर्वीचे खडक लागतात. तरीही कडा थांबत नाही. दूधसागर धबधबा सुमारे ३१० मीटर कोसळतो तो याच कड्यावरून, आणि तिथे बेसाल्टच्या पायऱ्या नाहीत. पुढे कर्नाटक आणि केरळमध्येही, पालघाटची खिंड वगळता, भिंत चालूच राहते, आणि २,६९५ मीटरचा अनैमुडी हा तिचा सर्वोच्च माथा लाव्हाच्या प्रदेशापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. खडक बदलला तरी कडा किनाऱ्याला समांतर तसाच राहतो, म्हणून त्याचे कारण खडकात शोधण्याऐवजी किनाऱ्याच्या घडणीत शोधावे लागते. उडुपीजवळच्या मालपे किनाऱ्यासमोरील सेंट मेरी बेटांवर जे खांबांचे खडक आहेत ते मादागास्कर वेगळे होण्याच्या काळातील आहेत, आणि दक्षिणेकडची फूट उत्तरेकडच्या फुटीपेक्षा आधीची होती हे त्यावरून दिसते.

मात्र प्रत्येक भूरूपाला भूपट्टाची चौकट लावू नये. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर त्याच बेसाल्टमध्ये असले तरी ते उल्काघाताचे आहे. त्याचा या फुटीशी काही संबंध नाही.

आजची हालचाल आणि छेदाची डावी बाजू

भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकत आहे, आणि हिमालयाशी होणाऱ्या संघर्षाचा दाब आतल्या भागातील जुन्या भेगांपर्यंत पोहोचतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे धरणाच्या जलाशयाने आधीच ताणलेल्या भेगांना चालना दिली असे मानले जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे दगावली, तीही भूपट्टाच्या कोणत्याही सीमेपासून फार दूर. या दोन्ही ठिकाणी पुढे खोल छिद्रे घेण्यात आली, आणि त्यांतून आपल्या छेदासाठी उपयोगी पडणारी माहिती मिळाली: कोयनेला बेसाल्ट सुमारे एक किलोमीटर जाड आहे, किल्लारीला सुमारे ३४० मीटर, आणि दोन्हीकडे त्याखाली जुना स्फटिकी खडक आहे. म्हणून छेदात महाबळेश्वरखालून पूर्वेकडे जाताना बेसाल्टचा पट्टा पाचरीसारखा निमुळता काढावा आणि त्याखाली वेगळ्या रंगाने पाया दाखवावा.

या सगळ्या नोंदींसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. गवत वाळल्यावर थर उघडे पडतात, आणि दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात पायऱ्यांच्या सावल्या स्पष्ट होतात. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांमुळे घाटात थांबणे धोक्याचे असते. किल्ल्यांवर आणि लेण्यांत हातोडी मुळीच चालवू नये. रस्त्याकडेला पडलेला दगडच तुकड्यासाठी पुरेसा असतो.

आता कोऱ्या सोडलेल्या डाव्या बाजूकडे वळावे. किनाऱ्यापाशी थर समुद्राकडे लवलेले दाखवून ते पाण्याखाली गाळाच्या आत न्यावेत, मग एक तुटक रेषा मारून मधले अंतर वगळल्याची खूण करावी, आणि कागदाच्या अगदी टोकाला सेशेल्स लिहावे. मुंबईपासून ते आज सुमारे ३,२०० किलोमीटरांवर आहे. त्या बेटसमूहातील माहे बेट ग्रॅनाइटचे आहे, म्हणजे महासागराच्या मधोमध असूनही खंडाच्या खडकाचे. ते छेदावर काढताना महाबळेश्वरखालच्या पायासाठी वापरलेलाच रंग वापरावा.